वाण नाही पण गुण लागला: सुपरकंडक्टरशेजारी बसलेला सेमीकंडक्टर बदलतो कसा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तळहातावर मावणारी एक चिप जगाला दाखवली. नाव ‘मायोराना १’. पुढचे काही दिवस सोशल मीडियावर तिचीच चर्चा होती. त्याआधी जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातला ‘एलके-९९’ नावाचा काळा खडा असाच व्हायरल झाला होता. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं ते जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना, सुपरकंडक्टरच्या सर्किटवर केलेल्या प्रयोगांसाठी.

तिन्ही बातम्यांमध्ये एक शब्द सारखा आहे, सुपरकंडक्टर. पण मायोरानाच्या बातमीतली मुख्य गोष्ट बहुतेक पोस्टमध्ये आलीच नाही. त्या चिपमधला जो भाग काम करतो तो नुसता सुपरकंडक्टर नाही आणि नुसता सेमीकंडक्टरही नाही. तो या दोघांचा सांधा आहे. एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम हा धातू, दुसऱ्या बाजूला इंडियम आर्सेनाइड हा सेमीकंडक्टर. पाठ्यपुस्तकात अशा सांध्याला ‘आंतरपृष्ठ’ म्हणतात. आपण सांधाच म्हणू.

आपल्याकडे म्हण आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. एरवी ती संगतीने बिघडलेल्या पोरांना टोमणा मारायला वापरतात. पण या सांध्यावर जे घडतं, त्याचं इतकं नेमकं वर्णन दुसरं मिळणार नाही. सेमीकंडक्टर धातू होत नाही, त्याचा वाण तोच राहतो. शेजारच्या सुपरकंडक्टरचा गुण मात्र त्याला लागतो.

आणि हा विषय फक्त अमेरिका-युरोपचा नाही. अहिल्यानगरहून १२० किलोमीटरवर असलेल्या पुण्यात आणि पुढे मुंबईत कुलाब्याला यावर आणि याच्या अगदी जवळच्या विषयांवर काम चालू आहे. ते काय आहे, ते समजून घेऊया.

सुपरकंडक्टर म्हणजे नेमकं काय?

तारेतून वीज वाहते म्हणजे तारेतले इलेक्ट्रॉन सरकतात. वाटेत त्यांना अणूंच्या थरथरीचा आणि अशुद्धीचा अडथळा होतो, त्यांची ऊर्जा वाया जाते, तार तापते. डीपीपासून लांब असलेल्या विहिरीवरच्या मोटरला व्होल्टेज कमी मिळतं, त्यामागचं एक कारण हेच. याला म्हणतात विजेचा रोध.

८ एप्रिल १९११ रोजी नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हाइके कामरलिंग ओन्स यांच्या प्रयोगशाळेत पारा द्रवरूप हेलियमने थंड केला जात होता. तापमान ४.२ केल्विनच्या, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास आलं आणि पाऱ्याचा रोध अचानक नाहीसा झाला. अशा पदार्थाला सुपरकंडक्टर म्हणतात, मराठीत अतिसंवाहक.

असं का होतं हे कळायला पुढे ४६ वर्षं लागली. १९५७ मध्ये जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर या तिघांनी उत्तर दिलं: इलेक्ट्रॉन जोड्या लावतात.

ऐकायला विचित्र वाटतं, कारण दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. पण धातू खूप थंड असताना एक इलेक्ट्रॉन पुढे गेला की आजूबाजूचे धनप्रभारित अणू किंचित त्याच्याकडे ओढले जातात. ते जागेवर परत यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात तिथे धनप्रभाराची दाटी झालेली असते आणि दुसरा इलेक्ट्रॉन तिच्याकडे खेचला जातो. म्हणजे दोघांच्या मानेवर जू ठेवलं जातं ते अणूंच्या हालचालीचं. या जोडीला ‘कूपर जोडी’ म्हणतात. अशा असंख्य जोड्या एकाच तालात चालतात.

ही जोडी तोडायला एक ठरावीक ऊर्जा लागते. या ऊर्जेच्या उंबरठ्याला शास्त्रज्ञ ‘गॅप’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. थंडीत तेवढी ऊर्जा कुणाकडे नसते, म्हणून अडथळे जोडी तोडू शकत नाहीत आणि वीज विनाअडथळा वाहते.

हे फक्त प्रयोगशाळेत नाही. एमआरआयच्या बहुतेक मोठ्या यंत्रांत निओबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची तार असते. ती द्रवरूप हेलियमच्या थंडीत सुपरकंडक्टर होते, आणि एकदा सोडलेला प्रवाह तिच्यात फिरत राहतो. म्हणजे गुडघ्याचा किंवा मणक्याचा एमआरआय काढून आलेला माणूस उणे २६९ अंशांच्या सुपरकंडक्टरपासून हातभर अंतरावर झोपून आलेला असतो.

एक गंमत अशी, की तांबं, चांदी आणि सोनं हे विजेचे सर्वांत चांगले वाहक. पण त्यांना कितीही थंड केलं तरी ते स्वतःहून सुपरकंडक्टर झाल्याचं आजवर दिसलेलं नाही. चांगला वाहक असणं आणि जोड्या लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि सेमीकंडक्टर?

सेमीकंडक्टर म्हणजे अर्धवाहक. सिलिकॉन त्यातला सगळ्यांना माहीत असलेला, आपल्या फोनच्या प्रोसेसरमधला. यात मोकळे इलेक्ट्रॉन धातूपेक्षा फार कमी असतात, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. कमी असल्यामुळे त्यांची संख्या बाहेरून बदलता येते.

ज्यांनी उसाला किंवा कांद्याला पाटाचं पाणी दिलंय त्यांना ‘दारं धरणं’ सांगायला नको. थोडी माती ओढली की पाणी या सरीत, थोडी लोटली की त्या सरीत. सेमीकंडक्टरमध्ये हे काम विजेचा दाब करतो. वर एक छोटा इलेक्ट्रोड ठेवायचा आणि त्याचं व्होल्टेज कमी-जास्त करायचं. खालचे इलेक्ट्रॉन तसे कमी-जास्त होतात. त्या इलेक्ट्रोडला नावही ‘गेट’ असंच आहे.

आता दोघांची बाजू मांडून बघा. सुपरकंडक्टरमध्ये जोड्या आहेत, रोध शून्य आहे. पण तो धातू आहे, त्यात इलेक्ट्रॉन इतके ठासून भरलेत की गेट लावून त्यांची संख्या फारशी बदलत नाही. सेमीकंडक्टरला दारं आहेत, पण जोड्या नाहीत. दोघांना चिकटवलं तर दोन्ही गुण एकाच जागी मिळतील का? सगळा खटाटोप या एका प्रश्नासाठी आहे.

सांध्यावर काय घडतं?

शेजाऱ्याचा गुण लागतो याची चाहूल जुनी आहे. १९३२ मध्येच जर्मनीत होल्म आणि माइसनर यांना दिसलं होतं, की दोन सुपरकंडक्टरच्या मध्ये साध्या धातूचा पातळ थर असला तरी प्रवाह रोधाशिवाय पार होऊ शकतो. याला आज ‘प्रॉक्सिमिटी इफेक्ट’ म्हणतात. साध्या शब्दांत शेजार-परिणाम.

तो का होतो याचं एक सुंदर उत्तर १९६४ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर आंद्रेयेव यांच्या कामातून मिळालं.

समजा साखर कारखान्याच्या गेटवर नियम आहे: आत फक्त बैलजोडी सोडणार, सुट्टा बैल नाही. सेमीकंडक्टरच्या बाजूने एक सुट्टा इलेक्ट्रॉन सांध्याशी येतो. समोर सुपरकंडक्टर, तिथे फक्त जोड्यांना प्रवेश. त्याची ऊर्जा गॅपपेक्षा कमी आहे, म्हणजे एकट्याने आत जायची सोय नाही. मग तो काय करतो? एक-एक बैल असलेले दोन शेतकरी जसे सावड करून औत चालवतात, तसा तो आपल्याच बाजूचा आणखी एक इलेक्ट्रॉन सोबत घेतो आणि दोघं जोडी होऊन आत जातात.

दुसरा इलेक्ट्रॉन जिथून उचलला गेला तिथे मोकळी जागा राहते. या जागेला भौतिकशास्त्रात ‘होल’ म्हणतात. ही जागा धनप्रभारित कणासारखी वागते आणि इलेक्ट्रॉन ज्या वाटेने आला जवळपास त्याच वाटेने उलटी निघते. आत गेलेला इलेक्ट्रॉन आणि उलटी निघालेली जागा यांच्यातला ताल काही अंतरापर्यंत टिकतो. तेवढ्या पट्ट्यात सेमीकंडक्टरमध्येही जोडीचा गुण दिसतो. खूप थंड आणि स्वच्छ पदार्थात हे अंतर एका मायक्रोमीटरच्या घरात जाऊ शकतं. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

बैलांची उपमा इथे सोडून द्या, कारण पुढचं बैलांना जमणारं नाही. सेमीकंडक्टरची अरुंद पट्टी दोन सुपरकंडक्टरच्या मध्ये ठेवली तर इलेक्ट्रॉन एका टोकाला जोडी आत पाठवतो, उलटी निघालेली जागा दुसऱ्या टोकाला जाते, तिथे जोडी बाहेर पडते, आणि हे चक्र चालू राहतं. परिणाम असा, की मधल्या पट्टीतून कोणतंही व्होल्टेज न लावता प्रवाह वाहतो. अशा जोडणीला ‘जोसेफसन जंक्शन’ म्हणतात. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये या परिणामाचं भाकीत केलं आणि १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

गुण देणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते, हेही सांगायला हवं. सुपरकंडक्टरचा थर खूप पातळ असेल तर साध्या धातूच्या शेजाराने त्याच्या स्वतःच्या जोड्या कमजोर होतात. आणि ज्याला गुण लागला, त्याचा गॅप सहसा मूळ मालकाच्या गॅपपेक्षा मोठा होत नाही. अ‍ॅल्युमिनियम सुमारे १.२ केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतो. म्हणजे त्याच्या शेजारच्या सेमीकंडक्टरलाही तितकंच, किंबहुना त्याहून थंड ठेवावं लागतं.

मग अडचण कुठे आहे?

सांध्यातच. दोन पदार्थ एकमेकांवर ठेवले म्हणजे ते एकमेकांना भेटले असं होत नाही.

पहिली अडचण शंभरेक वर्षांपासून माहीत आहे. धातू आणि सेमीकंडक्टर जिथे टेकतात तिथे बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनसाठी एक बांध तयार होतो. वॉल्टर शॉटकी या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने त्याला ‘शॉटकी बॅरिअर’ म्हणतात. एरवी हा बांध उपयोगी असतो, कारण तो वीज एका दिशेने सहज आणि दुसऱ्या दिशेने अवघड जाऊ देतो. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या स्फटिकाला धातूचं टोक टेकवून रेडिओलहरी पकडणारं उपकरण केलं होतं, त्याचं अमेरिकी पेटंट १९०४ सालचं आहे. तिथेही काम करत होता तो असाच सांधा. पण जोड्यांचा गुण पलीकडे न्यायचा असेल तर हाच बांध आडवा येतो.

दुसरी अडचण हवेची. सेमीकंडक्टर क्षणभर हवेत आला की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. तो घासून काढला तर पृष्ठभाग ओबडधोबड होतो. मग गॅप अर्धवट तयार होतो. गॅपमध्ये जिथे एकही सुट्टा इलेक्ट्रॉन सापडायला नको तिथे भरपूर सापडतात. शास्त्रज्ञ याला ‘सॉफ्ट गॅप’ म्हणतात. कुंपण आहे, पण जागोजागी भगदाडं.

यातून वाट निघाली ती दोन गोष्टींमुळे. इंडियम आर्सेनाइड या सेमीकंडक्टरच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन आपोआप गोळा होतात, त्यामुळे धातूशी सांधा करताना बांध जवळजवळ उभाच राहत नाही. आणि २०१५ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने दाखवलं, की इंडियम आर्सेनाइडची तार वाढवून झाली की तिला हवा लागू न देता त्याच निर्वात पेटीत वर अ‍ॅल्युमिनियम चढवता येतं, तेही अणूच्या ओळीला ओळ लागेल असं. या तारा केसाच्या साधारण हजाराव्या भागाइतक्या बारीक. या सांध्यात गॅप स्वच्छ मिळाला. पदार्थ तेच, थंडी तीच. बदलला तो फक्त सांधा.

कुलाब्यात काय झालं?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, सुपरकंडक्टरवर जुनं आणि भक्कम काम आहे. १९९४ मध्ये इथल्याच गटाने यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात १२ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी दाखवली होती. निकेलसारखा चुंबकीय धातू असूनही हे घडलं, म्हणून जगभर त्याची दखल घेतली गेली. पुढे श्रीनिवासन रामकृष्णन यांच्या गटाने बिस्मथ हा धातू ०.०००५३ केल्विनला सुपरकंडक्टर होतो हे दाखवलं. ते काम २०१७ च्या सुरुवातीला ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन इतके कमी, की एक लाख अणूंमागे जेमतेम एक. इतक्या विरळ वस्तीत जोड्या लागतात हे जुन्या सिद्धांताला सहज पटणारं नाही.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचं काम मात्र २०२२ चं आहे. टीआयएफआरचे मंदार देशमुख आणि आर. विजय यांच्या गटांनी मिळून एक अ‍ॅम्प्लिफायर बनवला आणि तो ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध केला. जॉयदीप सरकार, किशोर साळुंखे आणि इतर तरुण संशोधक त्या लेखाचे सहलेखक आहेत.

याची गरज का पडली? क्वांटम कॉम्प्युटरमधल्या क्युबिटने दिलेलं उत्तर म्हणजे अत्यंत क्षीण मायक्रोवेव्ह सिग्नल. तो मोठा करायला अ‍ॅम्प्लिफायर लागतो. पण प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर स्वतःची खरखर मिसळतो. जत्रेत कुजबुज ऐकायला भोंगा लावला आणि भोंगाच घरघरायला लागला, तर उपयोग काय? क्वांटम नियमांनुसार खरखर एका मर्यादेखाली नेताच येत नाही. त्या मर्यादेला टेकलेला अ‍ॅम्प्लिफायर हवा असतो.

असे अ‍ॅम्प्लिफायर जोसेफसन जंक्शनपासून बनतात. नेहमीच्या जंक्शनमध्ये दोन अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये ऑक्साइडचा थर असतो. तो एकदा बनला की बनला, नंतर बदलत नाही. वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर जायचं तर सहसा चुंबकीय क्षेत्र वापरावं लागतं. टीआयएफआरच्या गटाने मध्ये ऑक्साइडऐवजी ग्राफीन ठेवलं. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर. काटेकोरपणे तो सेमीकंडक्टर नाही, धातू आणि सेमीकंडक्टर यांच्या मधला आहे. पण त्यातले इलेक्ट्रॉन गेटने कमी-जास्त करता येतात. दोन्ही बाजूंच्या सुपरकंडक्टरचा गुण ग्राफीनला लागला, आणि गेटचं व्होल्टेज बदलून अ‍ॅम्प्लिफायरची फ्रिक्वेन्सी फिरवता आली. सिग्नलची शक्ती २४ डेसिबलने, म्हणजे सुमारे २५० पट वाढली आणि खरखर क्वांटम मर्यादेच्या आसपास राहिली.

आर. विजय यांनी अमेरिकेत येल विद्यापीठात पीएचडी केली ती मिशेल देवोरे यांच्याकडे. हो, २०२५ च्या नोबेलमधले तेच देवोरे.

पुण्याचा संबंध इथे येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओने जाहीर केलं, की सहा क्युबिटच्या सुपरकंडक्टिंग क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. क्युबिटची चिप टीआयएफआरमध्ये बनली, ती चालवणारी आणि मोजणारी यंत्रणा पुण्यातल्या डीआरडीओच्या क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळेने जोडली आणि क्लाउडवरून वापरायचं सॉफ्टवेअर टीसीएसने केलं. सहा हा आकडा जगाच्या तुलनेत लहान आहे. पण चिप बनवण्यापासून ती दुरून चालवण्यापर्यंतची सगळी साखळी देशात जोडली गेली, हे त्यातलं महत्त्वाचं.

सांध्यातून नवा सुपरकंडक्टर निघू शकतो का?

आतापर्यंत आपण उसन्या गुणाबद्दल बोललो. पण ज्या माणसाने दोन्ही पदार्थांचं शास्त्र घडवलं त्याच्या डोक्यात यापुढचा विचार होता. जॉन बार्डीन यांना भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालं, असा मान मिळालेले ते एकटेच. १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरसाठी, म्हणजे सेमीकंडक्टरसाठी. १९७२ मध्ये सुपरकंडक्टिव्हिटीच्या सिद्धांतासाठी.

१९७३ मध्ये त्यांनी अ‍ॅलेंडर आणि ब्रे या सहकाऱ्यांसोबत एक कल्पना मांडली. धातूचा अगदी पातळ थर सेमीकंडक्टरवर चढवा. धातूतले इलेक्ट्रॉन सांध्यापलीकडे थोडे डोकावतात. तिथल्या इलेक्ट्रॉनच्या हालचालींनीच त्यांच्या जोड्या लावता आल्या तर? अणू जड असतात, इलेक्ट्रॉन हलके. जू इलेक्ट्रॉनचं असेल तर जोड्या खूप जास्त तापमानालाही टिकतील, अशी आशा होती. असा सांधा प्रयोगात निर्विवादपणे सिद्ध करून कुणी दाखवू शकलेलं नाही. सांधा पुरेसा जवळचा आणि स्वच्छ असणं ही अट तिथेही होतीच.

तरी कल्पना पूर्ण वाया गेली असं नाही. २०१२ मध्ये चीनमधल्या श्वे चीकुन यांच्या गटाने आयर्न सेलेनाइडचा एकच थर स्ट्रॉन्शियम टायटनेटवर वाढवला. आयर्न सेलेनाइड एरवी ८ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टर होतो. या सांध्यावर मात्र ६० केल्विनच्या घरात जोड्या असल्याच्या खुणा मिळाल्या. खालच्या पदार्थाचा यात नेमका किती हात आहे यावर अजून वाद आहे. पण म्हण इथे थोडी उलटी झाली: शेजाऱ्याकडे जो गुण नव्हता तो दोघांच्या सांध्यावर वाढला.

मायोरानाचं खरं किती?

आता पहिल्या बातमीकडे येऊ. १९३७ मध्ये एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञाने अशा कणाची कल्पना मांडली जो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल. २०१० मध्ये दोन गटांनी दाखवलं, की सेमीकंडक्टरच्या बारीक तारेला सुपरकंडक्टर चिकटवून चुंबकीय क्षेत्रात ठेवलं तर तारेच्या दोन टोकांना तशा अवस्था दिसायला हव्यात. माहिती दोन टोकांत वाटून साठवली तर एका टोकाच्या धक्क्याने ती पुसली जाणार नाही. क्वांटम कॉम्प्युटरचा सगळ्यात मोठा त्रास हाच आहे, की माहिती सेकंदाच्या बारीकशा भागात पुसली जाते. म्हणून या कल्पनेवर इतका पैसा लागला.

२०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथल्या गटाने मोजमापात हवी ती खूण दिसल्याचं सांगितलं. २०१८ मध्ये तिथूनच ‘नेचर’मध्ये जास्त ठाम दावा आला. पुढे सर्गेई फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट मूरिक या दोन शास्त्रज्ञांनी मूळ आकडेवारी मागून घेतली आणि प्रश्न उभे केले. मोजमापांचा पूर्ण पट्टा मांडल्यावर दावा टिकला नाही. मार्च २०२१ मध्ये तो लेख मागे घेतला गेला. लेखकांनी काटेकोरपणा कमी पडल्याचं मान्य केलं.

अडचण इथेही सांध्याचीच होती. तारेत किंवा सांध्यावर थोडी अशुद्धी, थोडा असमानपणा असला तरी आंद्रेयेव यांच्या त्याच देवघेवीतून मायोरानासारखी दिसणारी खूण तयार होते. खोटं सोनंही चमकतंच.

२०२५ च्या मायोराना १ ला हा इतिहास आहे. कंपनीने आठ क्युबिटची चिप आणि दहा लाख क्युबिटपर्यंत जायचा मार्ग अशी मांडणी केली. पण त्याच दिवशी ‘नेचर’मध्ये आलेल्या लेखाबरोबर संपादकांची नोंद होती, की यातले निष्कर्ष म्हणजे या उपकरणांत मायोराना अवस्था असल्याचा पुरावा नव्हे. लेखात मोजमापाची एक पद्धत दाखवली होती. मोठा दावा होता तो कंपनीच्या घोषणेत. नंतर अनेक भौतिकशास्त्रज्ञांनी उघडपणे शंका घेतल्या. कंपनी आपल्या म्हणण्यावर ठाम आहे.

पुढच्या वेळी अशी पोस्ट आली तर?

एलके-९९ चं काय झालं ते आठवा. जुलैच्या शेवटी दावा आला, महिनाभरात जगभरच्या प्रयोगशाळांनी तो खडा बनवून पाहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेलाही त्यात सुपरकंडक्टिव्हिटी सापडली नाही. १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास रोध एकदम घसरत होता तो त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. हा एक सेमीकंडक्टर आहे आणि त्या तापमानाला त्याची रचनाच बदलते. रोध कमी झाला होता. शून्य झाला नव्हता.

म्हणून अशी बातमी दिसली की शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा. रोध शून्य झाला म्हणतात की फक्त घसरला म्हणतात? दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र प्रयोगशाळेने ते करून पाहिलंय का? आणि सांध्याचं काम असेल तर सगळी मोजमापं खुली केलीत का, की निवडक आलेख दाखवलेत? या तीनपैकी एकाचंही उत्तर पोस्टमध्ये नसेल तर थांबलेलं बरं.

हे फक्त फॉरवर्डपुरतं नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६,००३ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे कॉम्प्युटर बनवणं हे त्याचं एक उद्दिष्ट आहे. हा पैसा आपला आहे, आणि येत्या काही वर्षांत त्यावर बरेच दावे ऐकू येतील. संगमनेर, लोणी किंवा कोपरगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र, मटेरियल सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांसाठी यात कामही आहे. क्वांटम म्हटलं की सगळ्यांना कोडिंग आठवतं. पण कोपनहेगनपासून कुलाब्यापर्यंत निकाल ठरला तो निर्वात पेटीत चढवलेल्या काही नॅनोमीटरच्या थरावर, आणि तो स्वच्छ ठेवणाऱ्या हातांवर.